मुकादमचाचांची यादी

मुकादमचाचांना बसमध्ये बसलेलं मी कधी पाहिलं नाही. मागे चार सीटा रिकाम्या असल्या तरी ते उभेच. आमच्या शारजा-दुबई बसमध्ये पुढच्या रांगा बायकांच्या, मग एक आडवी दांडी आणि तिच्यामागे पुरुष. त्या दांडीला टेकून, काखेत निळी प्लास्टिकची फाइल धरून, इस्त्रीच्या अर्ध्या बाहीच्या शर्टातला हा पांढऱ्या दाढीचा माणूस रोज सकाळी सव्वा तास उभा असायचा. एकदा मी कारण विचारलं.

"बसलो की मागच्यांचाच होऊन जातो ना, ताई," ते म्हणाले. "हितून दोन्हीकडचं ऐकू येतं."

आमच्या बसला कंडक्टर नाही. ती उणीव मुकादमचाचांनी स्वतःच्या अधिकारात भरून काढली होती. एसी फार गार झाला की ड्रायव्हरला उर्दूत सांगणार ते. धावत येणारा कोणी दिसला की दारावर थाप मारून "रुको भाई, एक बंदा है" म्हणणार तेच. नव्या माणसाला कार्ड कुठे टेकवायचं ते दाखवणार, झोप लागलेल्याला त्याच्या स्टॉपवर उठवणार. हे सगळं कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला त्यांचा रागच यायचा. मी पुण्याची. आपण होऊन दुसऱ्याच्या कामात लक्ष घालणाऱ्या माणसाकडे संशयाने बघायचं, हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

ओळखही माझ्या तोंडाळपणामुळेच झाली. ट्रॅफिकमध्ये अडकले होते, ऑफिसात शिपमेंटचे कागद पडले होते, आणि मी फोनवर नवऱ्याशी बोलताना माझ्या बॉसचा मराठीत उद्धार करत होते. दांडीमागून हळू आवाज आला, "ताई, मराठी कळतं हितं लोकांना." मी मान वळवली. ते खिडकीबाहेर बघत होते, मिशीत हसत.

उस्मान इब्राहिम मुकादम. मुक्काम रायगड जिल्ह्यातलं खाडीकाठचं एक गाव. दुबईत रास अल खोरला गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या गोदामात स्टोअरकीपर, सत्तावीस वर्षं एकाच ठिकाणी. बायको गावी, दोन्ही मुली लग्न होऊन पनवेलला. स्वतः आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुरियन नावाच्या मलबारी माणसाबरोबर खोली वाटून राहत. शारजात भाडं कमी म्हणून आम्ही सगळे दुबईत नोकरी करून शारजाच्या या टोकाला झोपायला येणारे. आमच्या पाच बिल्डिंगा, एक ग्रोसरी, एक मशीद, पुढे वाळू, आणि समोर ट्रकांनी भरलेला बारा पदरी रस्ता.

त्यांच्याकडे एक खिशातली डायरी होती. बस सुटली की वेळ लिहायची, दुबईची हद्द आली की लिहायची, रास अल खोरला उतरताना लिहायची. पावसाचा दिवस, रमजान, शाळा सुरू झाल्याचा आठवडा, सगळं शेऱ्यात.

"हे कशासाठी, चाचा?"

"उद्या कोणी विचारलं तर असावं."

"कोण विचारणार आहे आपल्याला?"

"आपण विचारायला लावायचं," ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

त्या पेनाला दोरा बांधलेला होता आणि दोऱ्याचं दुसरं टोक फाइलच्या भोकात. पोस्टात असतं तसं. हा दोरा त्यांनी गावाहून आणला होता, म्हणजे सवय गावाहून आणली होती. त्यांच्या गावातून रेल्वे गेली तेव्हा ते तिशीत होते. लोकांची भाताची खाचरं रुळांखाली गेली, आणि गाडी मात्र गावात थांबेना. मुकादमचाचा वही घेऊन घरोघरी फिरले. मोहल्ल्यात, आगरी आळीत, बौद्धवाडीत, सगळीकडे. ज्यांना सही येत नव्हती त्यांचा अंगठा घ्यायचा आणि अंगठ्याखाली स्वतः नाव लिहायचं. तेही पूर्ण, बापाच्या नावासकट, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा.

"नुस्ता 'हसन' लिहिलं तर साहेब काय समजंल? असे हसन शंभर. पण 'हसन कादर नाखवा' म्हटलं की माणूस उभा राहतो टेबलापुढं," ते सांगायचे. निवेदन आमदाराकडे गेलं, खासदाराकडे गेलं, रेल्वेच्या साहेबाकडे गेलं. सहा वर्षांनी गाडी थांबली. एक मिनिट. तोपर्यंत ते शारजात आले होते. एरवी सुट्टीला सामान फार, म्हणून विमानतळावरून जीपनेच जायचे; त्या थांब्यावर ते आयुष्यात एकदाच उतरले, आई गेली तेव्हा.

ही गोष्ट बसमधल्या सगळ्यांना माहीत होती. फिलिपिनो बायकांना त्यांनी ती इंग्रजीत सांगितली होती, पठाणांना उर्दूत. प्रत्येक वेळी शेवटी एक बोट वर करून म्हणायचे, "वन मिनिट. बट स्टॉप."

दुसरी गोष्ट ते फारशी सांगत नसत. मला सांगितली ती एकदा हद्दीपाशी बस पाऊण तास अडकली म्हणून. मागच्या निवडणुकीला त्यांनी वर्षाची सुट्टी मुद्दाम मतदानाच्या दिवसांशी जुळवून घेतली होती. सकाळी सातला आंघोळ करून, नवा शर्ट घालून शाळेत गेले. टेबलावरच्या मुलीने यादी दोनदा चाळली आणि म्हणाली, चाचा, तुमचं नाव कमी केलंय, तुम्ही गावात राहत नाही. बायकोचं नाव होतं. बायको मत देऊन बाहेर येईपर्यंत ते शाळेच्या पायरीवर बसून राहिले.

"तिथं होतं ते गेलं," ते म्हणाले, "आन् हितं कधी नव्हतंच." मग डायरी काढून त्यांनी हद्दीची वेळ लिहिली.

पुढे इथेही गाडी येणार अशी बातमी आली. माणसांची गाडी, शारजाहून दुबईला. रोजचे अडीच-तीन तास रस्त्यावर घालवणाऱ्या आम्हा लोकांमध्ये केवढा आनंद. मुकादमचाचांनी तर बसमध्ये पेढे वाटले. सहा महिने ते फोनवरचा नकाशा मोठा करून स्टेशन कुठे होणार ते लोकांना दाखवत होते. स्टेशन आमच्यापासून अकरा किलोमीटरवर होतं आणि तिथे जायला बस नव्हती. त्याचं काही वाटायचं नाही त्यांना. म्हणायचे, "स्टेशन झालं की बस येल. मागायची."

बस आली नाही, स्टेशनकडे जाणारा रस्ता मात्र आला. त्याच्या कामासाठी खणाखणी सुरू झाली आणि एका रविवारी आमचा बसस्टॉप बिल्डिंगसमोरून उचलून मोठ्या रस्त्याच्या पलीकडे नेला. पादचारी पूल दीड किलोमीटर लांब. टॅक्सीने वळसा घालायचा तर बारा दिरहम, म्हणजे रोजचे पावणेतीनशे रुपये, तेही एका बाजूचे. पहिल्या आठवड्यात सगळे पुलावरून गेले. दुसऱ्या आठवड्यात मधल्या जाळीला कोणीतरी भोक पाडलं, आणि मग पहाटे पावणेसहाला डबे, लॅपटॉप, पर्स सांभाळत माणसं ट्रकांच्या मधून पळायला लागली. मीही पळायचे. साडीवाल्या, स्कर्टवाल्या, बुरख्यातल्या, सगळ्या एकाच भोकातून वाकून.

मुकादमचाचा कधी पळाले नाहीत. ते पावणेपाचला घरून निघून पुलावरून चालत यायचे. आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी फाइलमधून कोरे कागद काढले.

वर इंग्रजीत सुबक अक्षरात दोन मागण्या लिहिल्या होत्या. स्टॉप आमच्या बाजूला परत द्यावा किंवा तात्पुरता पूल बांधावा, आणि स्टेशन सुरू होईल तेव्हा आमच्या बिल्डिंगांपासून तिथे बस असावी. मागणी इतकी अदबीची होती की शेवटी राज्यकर्त्यांना दीर्घायुष्य चिंतलं होतं. खाली रेघा मारून रकाने होते, अनुक्रमांक, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, तालुका, जिल्हा, फोन नंबर, सही.

बसमध्ये ही मोठी मजा झाली. पठाण टायरवाल्याने तालुक्याच्या रकान्यात 'पेशावर' लिहिलं. माझ्या शेजारी बसणारी फिलिपिनो नर्स, जिला सगळी बस नुसतं 'सिस्टर' म्हणायची, तालुका म्हणजे काय ते विचारत बसली. मग तिने लिहिलं, लॉर्ना बौतिस्ता रेयेस, इलोइलो. मधलं बौतिस्ता हे आईचं माहेरचं आडनाव, त्यांच्यात तसंच लिहितात, हे कळल्यावर चाचा फार खूश झाले.

"बघा ताई, आपण बापाचं लावतो, हे लोक आईचं. पण अर्धं नाव कोण लिहीत नाही."

मी 'एम. कुलकर्णी' लिहून पेन परत द्यायला गेले, तर त्यांनी घेतलं नाही. "पूर्ण लिहा, ताई. अर्ध्या नावाला साहेब अर्धंच बघतो." मी लिहिलं, मेधा समीर कुलकर्णी, वाई, जिल्हा सातारा. खरं सांगते, फार दिवसांनी ते सगळं एका ओळीत लिहिताना मला बरं वाटलं होतं.

घरी जेवताना हे सांगितलं तर समीरने घास खाली ठेवला.

"सही केलीस? नंबर दिलास? अगं, हे काय पुणे आहे? इथे सह्या गोळा करणं चालत नाही. तुझा व्हिसा माझ्यावर आहे, माझा कंपनीवर. उद्या एचआरने बोलावलं म्हणजे?"

"स्टॉपच मागितलाय, समीर."

"स्टॉप एकट्याने माग ना. कोण नाही म्हणतंय?"

आमची आर्या फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, जस्ट यूज द ॲप. देअर इज अ कंप्लेंट बटन."

तिचं बरोबर होतं. बटन होतं. मी त्या रात्री ते दाबूनही पाहिलं. नाव, ओळखपत्राचा नंबर, तक्रार, आणि लगेच आभाराचा संदेश. एका माणसाची एक तक्रार. सगळ्यांनी मिळून एक करायची असेल तर त्यासाठी बटन नव्हतं.

समीरला जे सुचलं तेच इतर घरांतही सुचलं होतं. दोन दिवसांत बिल्डिंगच्या ग्रुपवर कोणीतरी यादीचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'हे कायद्यात बसतं का, विचार करा.' एवढं पुरलं. कोणत्याही साहेबाने काही म्हटलं नव्हतं. कुठल्या कचेरीपर्यंत कागद पोचलाही नव्हता. आम्हीच आम्हाला घाबरलो.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये एकेक जण दांडीपाशी जायला लागला. आधी दोन एसी मेकॅनिक. मग टायरवाला. मग कुरियन, जो त्यांच्याच खोलीत राहत होता आणि हे खोलीत सांगू शकला असता. चाचांनी प्रत्येकासाठी तेच केलं. फाइल उघडायची, पान काढायचं, खाली पुठ्ठा धरायचा, आणि दोऱ्याचं पेन हातात द्यायचं. बस हलत होती, म्हणून दोन्ही हातांनी पुठ्ठा घट्ट धरून उभे राहायचे, खोडणाऱ्याचा हात हलू नये म्हणून. लॉर्ना उठली, एक तिरकी रेघ मारली, "सॉरी, अंकल" म्हणाली आणि रडवेली होऊन जागेवर आली.

सगळ्यात शेवटी मी गेले. काही तरी बोलायचं ठरवून गेले होते, समीरचं, आर्याच्या शाळेचं. माझ्या नावावर एक रेघ मारली आणि पेन परत केलं.

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि पुन्हा माझ्यापुढे धरलं.

"पूर्ण खोडा, ताई," ते म्हणाले. "असं वाचता येतंय."

आवाजात टोमणा नव्हता. माझी काळजीच होती, आणि म्हणून ते मला जास्त लागलं. मी गिरवत राहिले, कागद फाटायला येईपर्यंत. वाई गेलं, सातारा गेलं. यादीत एकच नाव उरलं, अनुक्रमांक एक.

नंतर महिनाभर तसंच चाललं. ते पुलावरून, आम्ही भोकातून. ते अजूनही दांडीपाशी उभे राहायचे, पण त्यांच्याशी बोलताना लोक खिडकीबाहेर बघायचे. मीसुद्धा हेडफोन लावून बसायला लागले. गाणी लावलेली नसायची.

डिसेंबरातल्या एका सकाळी धुकं होतं. आम्ही दहा-बारा जण मधल्या जाळीपर्यंत पोचलो होतो. उरलेले सहा पदर ओलांडायला लॉर्ना सगळ्यांत पुढे निघाली, कारण तिची ड्यूटी सातची. पिकअप होती. ब्रेकचा आवाज आला तेव्हा मी खाली वाकून भोकात अडकलेला साडीचा पदर सोडवत होते, म्हणून मी पाहिलं नाही. एवढीच माझ्यावर मेहेरबानी झाली. ती जागीच गेली.

पोलीस फार लवकर आले आणि फार सभ्यपणे वागले. तिची पर्स लांब उडाली होती, ती दुपारी सापडली; त्या वेळी तिच्याजवळ ओळख पटेल असं काहीच नव्हतं. तरुण इन्स्पेक्टरने आम्हाला विचारलं, "शी इज विथ यू? नेम?"

"सिस्टर," टायरवाला म्हणाला.

"लॉर्ना," मी म्हणाले.

"फुल नेम?"

मी दीड वर्षं तिच्या शेजारी बसत होते. तिच्या डब्यातला भात खाल्ला होता. तिच्या मुलाचे फोटो पाहिले होते. एकदा, एका सकाळी, तिचं पूर्ण नाव मी वाचलंही होतं. आठवेना.

तेवढ्यात पलीकडून, स्टॉपच्या बाजूने मुकादमचाचा आले. त्यांनी चादरीकडे पाहिलं, ओठातल्या ओठात काही म्हटलं, आणि फाइल उघडली. मला कळलं ते काय करतायत, आणि लाज वाटते सांगायला, पहिला विचार माझ्या मनात असा आला की आता ही यादी पोलिसांच्या हातात जाणार. त्यांनी पान इन्स्पेक्टरपुढे धरलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्या ओळीवर एकच तिरकी रेघ होती.

"लॉर्ना बौतिस्ता रेयेस," त्यांनी वाचलं. "बौतिस्ता इज मदर्स नेम. फ्रॉम इलोइलो. धिस इज हर नंबर, सर."

इन्स्पेक्टरने नाव उतरवून घेतलं. मग सगळं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं, वरच्या दोन मागण्या, खालच्या खोडलेल्या ओळी. "व्हॉट इज धिस?" त्याने विचारलं.

"बस स्टॉप, सर."

इन्स्पेक्टरने पान घडी न घालता परत दिलं आणि म्हणाला, "थँक यू, हाजी." त्यापुढे पोलिसांकडून कधीच काही झालं नाही. आम्ही ज्याला घाबरलो होतो ते असं होतं.

तीन आठवड्यांनी स्टॉप आमच्या बाजूला परत आला. जाळीचं भोक बुजवलं गेलं. कोणी सांगितलं, कोणाच्या तक्रारीवरून, आम्हाला कळलं नाही. ग्रुपवर लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एकाने लिहिलं, 'बघा, यादीशिवाय झालं की नाही.'

मुकादमचाचांचं वय साठीला टेकलं होतं. व्हिसाचं नूतनीकरण फेब्रुवारीत होतं. कंपनीने केलं नाही. कारण वयाचं दिलं, गोदामात केक कापला, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. यादीचा फोटो त्यांच्या मॅनेजरच्या फोनवर पोचला होता असं कुरियनने मला सांगितलं. खरं-खोटं कोण जाणे. मी चाचांना विचारलं तर म्हणाले, "सत्तावीस वर्षं झाली, ताई. खलास. आता ते स्टेशन तुम्ही बघा."

जायच्या दिवशी सकाळी ते स्टॉपवर आले. प्रवासाचा नवा शर्ट घातला होता, विमान दुपारचं होतं. बस आली तशी त्यांनी सगळ्यांना एकेक करून आत चढवलं, एका पळत येणाऱ्या माणसासाठी दारावर थाप मारली. मी सगळ्यांत शेवटी राहिले होते. त्यांनी निळी फाइल माझ्या हातात दिली.

"डायऱ्या आहेत सगळ्या. कोणी विचारलं तर असाव्यात."

"चाचा, मी..."

"चढा. यल्ला, लोकांना उशीर होतो."

बस सुटली. काचेतून पाहिलं तर ते खांबापाशी उभे होते, मनगट वर करून घड्याळात बघत. दुसरा हात खिशावर गेला, तिथे डायरी नव्हती. हात तसाच खिशावर राहिला, आणि मग बस वळली. त्यांचं ते मला झालेलं शेवटचं दर्शन.

हद्दीपर्यंत मी फाइल उघडली नाही. दांडीजवळची जागा रिकामी होती, कोणीच तिथे उभं राहिलं नव्हतं. मग ते पान काढलं. पहिल्या ओळीत उस्मान इब्राहिम मुकादम, स्वच्छ. नवव्या ओळीत लॉर्ना, रेघेखाली अक्षर न् अक्षर लागत होतं. टायरवाल्याचं पेशावर लागत होतं, कुरियन लागत होता.

दहाव्या ओळीवर निळा गिचमिड डाग होता, कागद मागून उचकटलेला. मी पान खिडकीच्या उजेडात धरलं, तिरकं करून पाहिलं. त्या सकाळी लॉर्नाच्या जागी मी पुढे असते, तर चाचांनी बोट ठेवलं असतं त्या ओळीवर. त्यांना काही वाचता आलं नसतं.